विजेची तापपाटी : पिलांची ऊब आणि घराची सुरक्षितता

कुक्कुटपालन हा शेतीस पूरक धंदा आहे, हें आतां कोणास नव्यानें सांगावयास नको. परंतु या धंद्यांतील नफातोट्याचा निकाल बहुधा पहिल्या तीन आठवड्यांतच लागतो, ही गोष्ट नवशिक्या शेतकऱ्याच्या ध्यानांत पुष्कळदां येत नाहीं. अंड्यांतून नुकतेंच बाहेर पडलेलें पिलूं आपल्या अंगची ऊब स्वतः राखूं शकत नाहीं. आई असेल तर ती त्यास पंखांखालीं घेते. यंत्रांत उबविलेल्या पिलास आई नसते, तेव्हां तें काम मालकास करावें लागतें. पहिल्या आठवड्यांत पिलाच्या पाठीच्या उंचीवर सुमारें ३२ ते ३५ अंश सेल्सिअस उष्णता लागते. पुढें दर आठवड्यास ती सुमारें ३ अंशांनीं उतरवीत न्यावयाची असते. आपल्या निफाडकडे ऐन हिवाळ्यांत पहाटेचा पारा ५-६ अंशांपर्यंत खालीं येतो. म्हणजे बाहेरची हवा आणि पिलाची गरज यांत जवळजवळ ३० अंशांचें अंतर पडतें. हें अंतर विजेच्या साहाय्यानें, परंतु आग अथवा धक्का यांचें भय न ठेवतां, कसें भरून काढावें, हा आजच्या पाठाचा विषय आहे.

१. दिव्याच्या उबेचे दोष

सध्यां बहुतेक ठिकाणीं पिलांवर विजेचा दिवा टांगतात. एका पिलास सुमारें २ वॅट, असा त्याचा चालू हिशेब आहे. दिवा स्वस्त असतो व कोठेंही मिळतो, हे त्याचे गुण खरे. परंतु तारेच्या दिव्यांत सारी उष्णता एका मुठीएवढ्या काचेंत कोंडलेली असते. शंभर वॅटच्या दिव्याची काच दीडशें अंशांच्याही वर तापते. तो दिवा दोरी सुटून भाताच्या तुसावर पडला तर तूस धुमसूं लागतें. त्यावर थंड पाण्याचा थेंब उडाला तर काच तडकते. शिवाय दिव्याच्या अगदीं खालीं पिलूं होरपळतें आणि हातभर अंतरावर तें कुडकुडतें.

मुलकी खात्याच्या नोकरींत आगीचे अनेक पंचनामे आम्हांस लिहावे लागले. त्यांतील कारणाच्या रकान्यांत पंचांच्या सांगण्यावरून बहुधा दोनच शब्द येत : 'शॉर्ट सर्किट'. एका पंचनाम्यांत दीडशें पिलें, दोन शेळ्या व कडब्याची एक गंजी यांची नोंद होती, कारण तेंच. प्रत्यक्षांत त्या जागीं दोरीस बांधलेला दिवा तुसांत पडलेला सर्वांनीं पाहिला होता. भरपाईच्या कामास तेवढे दोन शब्द पुरतात, परंतु पुढल्या वर्षीं दुसरी आग टाळण्यास ते पुरत नाहींत. म्हणून विजेच्या उबेंत अपाय कोठून कोठून शिरतो, हें आपण वेगवेगळें करून पाहूं.

२. पाटीचें तत्त्व

इंग्रजींत ज्यास हीटिंग पॅनेल म्हणतात, त्यास आम्हीं या पाठापुरतें 'तापपाटी' हें नांव दिलें आहे. ही एक पातळ, सपाट पाटी असून तिच्या पोटांत उष्णता देणारी तार नागमोडी पसरलेली असते. पाटी पायांवर उभी असते व पिलें कोंबडीच्या पंखांखालीं शिरावीं तशीं तिच्याखालीं शिरतात.

विजेचा प्रवाह तारेंतून जातांना तार तापते. त्या उष्णतेचा नियम इंग्रज शास्त्रज्ञ जेम्स जूल यांनीं १८४१ सालीं प्रसिद्ध केला. पुढें १९०६ सालीं अमेरिकेंत अल्बर्ट मार्श यांना निकेल व क्रोमियम यांच्या मिश्र धातूचें पेटंट मिळालें. ही धातु तापूनही लवकर गंजत अथवा जळत नाहीं, म्हणून विजेच्या शेगडीपासून इस्त्रीपर्यंत ती सर्वत्र रूढ झाली.

आतां मुख्य गोष्ट. वस्तु किती तापेल हें केवळ वॅटवर ठरत नाहीं. ते वॅट किती क्षेत्रांतून बाहेर पडतात, यावर तें ठरतें. साठ वॅट दिव्याच्या काचेंत कोंडले तर काच भाजते. तेच साठ वॅट एका पाटावर पसरले तर पाट हातास सुखद लागतो. ओढ्याचें पाणी अरुंद घळींत दगड हलवितें आणि तेंच शेतांत पसरलें म्हणजे पिकास उपयोगी पडतें, तसाच हा प्रकार आहे. थोडी उष्णता, पुष्कळ क्षेत्र आणि बाहेर पडण्यास मोकळी वाट, हें तापपाटीचें सारें तत्त्व होय.

३. हिशेब

६० सेंटिमीटर लांब व ४० सेंटिमीटर रुंद अशी एक पाटी घेऊं. तिचें क्षेत्र २४०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे ०.२४ चौरस मीटर झालें. एका लहान पिलास उबेखालीं ६० चौरस सेंटिमीटर जागा धरली, तर या पाटीखालीं ४० पिलें मावतात. पाटीस ६० वॅट दिले तर दर पिलास दीड वॅट पडतो. उष्णता पाठीलगत असल्यानें दिव्याहून कमी वीज पुरते.

६० वॅटला ०.२४ नें भागलें म्हणजे दर चौरस मीटरास २५० वॅट येतात. पाटीच्या पाठीवर उष्णतारोधक थर दिला तर यांपैकीं सुमारें चार पंचमांश, म्हणजे २०० वॅट, खालच्या बाजूनें बाहेर पडतात. मोकळ्या हवेंत खालीं तोंड केलेला पत्रा दर चौरस मीटरास, दर अंशाच्या फरकास, ढोबळ मानानें ८ वॅट सोडतो. २०० ला ८ नें भागलें म्हणजे २५. याचा अर्थ, पाटी भोवतालच्या हवेपेक्षां सुमारें २५ अंश अधिक तापेल. शेडमधील हवा २० अंश असेल तर पत्रा ४५ अंशांवर स्थिर होईल. पिलाच्या अंगाची स्वाभाविक उष्णता सुमारें ४१ अंश असते; त्यामुळें असा पत्रा पाठीस लागला तरी तें भाजत नाहीं.

आतां याच हिशेबाची दुसरी बाजू पाहूं. समजा, पाटी पायांवरून घसरून तुसांत रुतली किंवा थंडी फार म्हणून कोणी तिच्याखालीं गोणपाट कोंबला. वीज पूर्वीइतकीच येत राहते, परंतु उष्णतेची वाट बुजते. दर अंशास ८ वॅटऐवजीं २ वॅटच बाहेर पडूं लागले, तर वाढ २५ अंशांची न राहतां १०० अंशांची होते! पाटी तीच, वीज तीच, तार कोठेंही तुटलेली नाहीं. केवळ वाट अडली. 'शॉर्ट सर्किट' या सदराखालीं गेलेल्या कित्येक आगींचें मूळ अशा कोंडलेल्या उष्णतेंत असूं शकतें. म्हणून तापपाटीवर अथवा तिच्याखालीं कांहींही दाबून ठेवूं नये, हा पहिला नियम.

४. व्होल्टेज कोणतें असावें

आपल्या घरांत येणारी वीज २३० व्होल्टची असते. पिलांच्या जागेंत ओल, अमोनियाची वाफ, उंदीर आणि अनवाणी माणसें हीं चारही एकत्र असतात. अशा ठिकाणीं २३० व्होल्टची तार पाटींत घालून घरीं जुळवणी करणें आम्हांस मुळींच मान्य नाहीं. त्या व्होल्टेजची पाटी हवी असेल तर ती आयएसआय खुणेची, तयार, बंदिस्त व अर्थिंगसह घ्यावी आणि तिच्या वाटेंत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. सुमारें १० मिलिअँपिअर प्रवाहानेंच माणसाची पकड सुटेनाशी होते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या यंत्राचें महत्त्व कळेल.

घरीं जुळवावयाची पाटी २४ व्होल्टचीच असावी. त्यासाठीं दोन स्वतंत्र गुंडाळ्या असलेला, सुरक्षित विलगीकरणाचा ट्रान्सफॉर्मर लागतो. बाजारांत एकाच गुंडाळीचे ट्रान्सफॉर्मरही मिळतात. ते व्होल्टेज उतरवितात खरे, पण मूळ लाइनीशीं नातें तोडीत नाहींत. बिघाड झाल्यास पाटीवर संपूर्ण २३० व्होल्ट येऊं शकतात. म्हणून विकत घेतांना वायरमनकडून ही गोष्ट तपासून घ्यावी. आरसीसीबी येथेंही लाइनीच्या बाजूस असावाच. मात्र ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडील गळती त्यास दिसत नाहीं, त्यामुळें त्याच्या भरंवशावर २४ व्होल्टच्या बाजूस हयगय करूं नये.

तारेचा हिशेब सोपा आहे. व्होल्टचा वर्ग करून त्यास वॅटनें भागलें म्हणजे ओहम मिळतात. २४ गुणिले २४ म्हणजे ५७६. त्यास ६० नें भागलें म्हणजे ९.६ ओहम. पाटींत ४ सेंटिमीटर अंतरानें नागमोडी वळविली तर सुमारें साडेपांच मीटर तार बसते. म्हणून दर मीटरास सुमारें पावणेदोन ओहम असलेली, सिलिकॉन रबराचें आवरण असलेली तार मागावी. साध्या पीव्हीसीचें आवरण सुमारें ७० अंशांपर्यंतच्या कामासाठीं असतें. तापणाऱ्या तारेस तें उपयोगाचें नाहीं. उघडी तार तर वापरूंच नये.

येथें एक इशारा दिला पाहिजे. तार उरली म्हणून किंवा मध्येंच तुटली म्हणून ती आंखूड करून जोडणें हा मोठा अपाय आहे. तार निम्मी झाली तर ओहम निम्मे होतात व वॅट दुप्पट, म्हणजे १२० होतात. आणि ते निम्म्या लांबींत निघत असल्यानें दर मीटरास उष्णता चौपट होते. तार कमी केली म्हणजे ऊबही कमी होईल, अशी जी समजूत आहे ती अगदीं उलटी आहे.

५. पाटीची जुळवणी

खालीं १ मिलिमीटर जाडीचा अॅल्युमिनियमचा पत्रा घ्यावा. पत्रा उष्णता सर्वत्र सारखी वांटतो, त्यामुळें तारेखालीं कडक व मध्यें गार असे पट्टे पडत नाहींत. पत्र्याच्या आंतील बाजूस तार एकमेकींस न शिवतां, न ओलांडतां बसवावी व उष्णता सोसणाऱ्या अॅल्युमिनियमच्या चिकटपट्टीनें ती पक्की करावी. तिच्यावर १२ मिलिमीटर दगडी लोकर आणि शेवटीं ६ मिलिमीटरचा सिमेंटचा तक्ता ठेवावा. सारी जाडी एक इंचाच्या आंतच राहते. थर्मोकोल हलकें व स्वस्त असलें तरी तें उष्णतेनें मऊ होतें व पेट घेतें; येथें तें वर्ज्य समजावें. चारही कडा अॅल्युमिनियमच्या कोनपट्टीनें बंद कराव्या, म्हणजे पाणी आंत जाणार नाहीं व लोकरीचे तंतु बाहेर येणार नाहींत.

तापणारी तार आणि तांब्याची तार यांचा सांधा धातूच्या नळींत दाबून बसविलेला असावा. नुसता पीळ देऊन वर चिकटपट्टी गुंडाळूं नये. बाहेर पडणाऱ्या तारेस ताण बसला तरी सांध्यास बसूं नये, यासाठीं ती कडेजवळ कड्यानें आवळावी आणि उंदरांपासून रक्षणार्थ लोखंडी लवचिक नळींतून न्यावी.

पाटीस टांगूं नये. रुंद बुडाचे चार लोखंडी पाय लावावे व ते वरखालीं करतां येतील असे असावे. दोरी कुजते, पाय कुजत नाहींत.

६. अनेक पाट्या जोडणें

लहान व सारख्या पाट्या करण्यांत मोठी सोय अशी कीं, ४० पिलांस एक, ८० पिलांस दोन, १६० पिलांस चार, अशी ऊब वाढवितां येते आणि एक बिघडली तर तेवढीच काढून दुरुस्त करतां येते. मात्र प्रत्येक पाटी स्वतंत्र फांदीवर असावी. दोन पाट्या एकीमागून एक, माळेंतील दिव्यांप्रमाणें जोडल्या तर प्रत्येकीस १२ व्होल्टच मिळतात. वॅट निम्मे न होतां चौथाई, म्हणजे १५ होतात. शिवाय एक तुटली कीं दुसरीही गार पडते.

चार पाट्यांस मिळून २४० वॅट, म्हणजे १० अँपिअर लागतात. त्यासाठीं ३०० व्होल्ट-अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर घ्यावा. तो तुसाच्या धुळीपासून दूर, भिंतीवर, हवेशीर पेटींत ठेवावा आणि त्याच पेटींत प्रत्येक पाटीसाठीं ४ अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज बसवावा. पेटीपासून प्रत्येक पाटीपर्यंत दीड चौरस मिलिमीटर तांब्याची वेगळी जोडतार न्यावी.

हा खर्च कशासाठीं, असें कोणी विचारील. व्होल्ट कमी असले म्हणजे धक्क्याचें भय जातें. आगीचें भय मात्र जात नाहीं, हें त्याचें उत्तर आहे. सैल सांध्याचा अडथळा ०.२ ओहम धरूं. त्यांतून चारही पाट्यांचे १० अँपिअर गेले तर दहाचा वर्ग १००, गुणिले ०.२, म्हणजे २० वॅट उष्णता नखाएवढ्या जागेंत निघते. एका पाटीचे अडीच अँपिअर गेले तर तीच उष्णता सव्वा वॅट होते. प्रवाह जितका वांटावा, तितका सांधा निर्धोक होतो.

७. दुहेरी पहारा

प्रत्येक पाटीच्या पत्र्यास लागून एक थर्मोस्टॅट असावा. पत्रा ५५ अंशांवर गेला कीं त्यानें वीज तोडावी व थंड झाल्यावर पुन्हां जोडावी. परंतु थर्मोस्टॅटचे ओठ कधीं कधीं चिकटून बसतात व वीज तुटतच नाहीं. म्हणून त्याच वाटेंत सुमारें ७५ अंशांस कायमचा तुटणारा उष्णता-फ्यूज घालावा. त्यावर उष्णता सोसणारी नळी चढवून तो पत्र्यास टेकवावा व त्याचे सांधे दाबूनच करावे. झाळकाम केल्यास त्या उष्णतेनें तो बसवितांनाच निकामी होतो. तो तुटला तर थेट तार जोडून पाटी चालू करण्याचा मोह होतो. तसें कदापि करूं नये. तो कां तुटला याचा शोध घेऊनच नवा घालावा. रात्रीं एकच राखणदार असला व तो झोंपला तर खळें उघडें पडतें. दोघांनीं एकाच वेळीं झोंपण्याचा प्रसंग विरळा.

गांवांतील वीज कधीं चढते, कधीं पडते. उष्णता व्होल्टच्या वर्गाप्रमाणें बदलते, म्हणून लाइनींत २३० ऐवजीं १८० व्होल्ट असतील तर ६० वॅटच्या पाटींत ३७ वॅटच निघतात. २६० झाले तर ७७ निघतात. चढत्या विजेचा बंदोबस्त थर्मोस्टॅट करतो. पडत्या विजेवर उपाय म्हणून कडक थंडींत एक पाटी अधिक ठेवावी.

८. वापर व निगा

प्रथम वायरमनकडून आवरणाची मेगरनें तपासणी करवून घ्यावी. नंतर पाटी मोकळ्या जागीं, विटांवर ठेवून सहा तास चालवावी व पत्र्यास तापमापक लावून दर अर्ध्या तासानें नोंद करावी. मग समोर उभें राहून तिच्याखालीं फडकें धरावें व थर्मोस्टॅट वीज तोडतो कीं नाहीं हें पाहावें. इतकें झाल्यावरच ती पिलांत न्यावी.

पिलाची पाठ पत्र्यास जेमतेम लागेल इतकी उंची ठेवावी आणि एक बाजू किंचित अधिक उंच करावी, म्हणजे ज्यास जितकी ऊब हवी तितकी तें घेईल. पिलें पाटीखालीं एकमेकांवर चढूं लागलीं तर ऊब कमी आहे. चोंच उघडून दूर पळत असतील तर ती जास्त आहे. आंतबाहेर सारखीं पसरून चिवचिवत असतील तर ती बेताची आहे. तापमापकापेक्षां हा पुरावा अधिक विश्वसनीय होय. दर आठवड्यास वीज बंद करून पाटीवरील धूळ पुसावी व तारा पाहाव्या.

पातळ पाटी वीज जातांच थोड्या मिनिटांत गार पडते, हा तिचा एक दोष मान्य केला पाहिजे. परंतु २४ व्होल्टचा येथें मोठा उपयोग होतो. १२ व्होल्टच्या, १०० अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या एकीमागून एक जोडल्या कीं २४ व्होल्ट होतात. त्यांतील निम्मी शक्ति वापरली तरी सुमारें १२०० वॅट-तास मिळतात व चार पाट्या पांच तास चालतात. ट्रान्सफॉर्मर व बॅटरी कधींही एकत्र जोडलीं जाऊं नयेत, यासाठीं मध्यें दोन बाजूंचें बदलबटण असावें. बॅटरीजवळ तिचा स्वतंत्र फ्यूज असावा. आणि त्या वाटेंतील सर्व बटणें, फ्यूज व थर्मोस्टॅट एकदिशा प्रवाहास योग्य असे घ्यावे. बॅटरी नसेल तर भारनियमनाचे वेळीं बंद शेडमध्यें कोळशाची शेगडी ठेवण्याची चाल आहे. तिच्या विषारी वायूस रंग नाहीं, वास नाहीं. त्यानें पिलांचा व राखणाऱ्या माणसाचाही जीव जातो. शेगडी ठेवणें भागच पडलें तर हवेची वाट उघडी ठेवावी व माणसानें आंत निजूं नये.

९. अभ्यासासाठीं प्रश्न

(१) ३० सेंटिमीटर लांब व ४० सेंटिमीटर रुंद अशा निम्म्या पाटीस २४ व्होल्टवर ३० वॅट हवे असल्यास तार किती ओहमची लागेल? (२) अशा दोन पाट्या स्वतंत्र फांद्यांवर जोडल्यास एकूण किती अँपिअर लागतील? (३) त्याच एकीमागून एक जोडल्यास दोहोंत मिळून किती वॅट निघतील?

उत्तरें : (१) १९.२ ओहम. (२) अडीच अँपिअर. (३) १५ वॅट.

ज्यास हीं तीन उदाहरणें स्वतः सोडवितां आलीं, त्यानें पाटीचें काम हातीं घेण्यास हरकत नाहीं. मात्र २३० व्होल्टच्या बाजूचें सर्व काम परवानाधारक वायरमनकडूनच करवावें. ज्यास तीं सुटलीं नाहींत, त्यानें गांवच्या शाळेंतील मुलास शेजारीं बसवून तीं पुन्हां करावीं. हिशेब चुकला तर कागद खोडतां येतो, जळालेली शेड खोडतां येत नाहीं. थंडीस अद्याप अवकाश आहे तोंच ही तयारी करून ठेवावी, इतकेंच आमच्या शेतकरी बंधुभगिनींस सांगणें आहे.